टेबलावरचे स्टेशन

वाचकहो, गेले तीन आठवडे आपण या सदरात रक्तदाबाबद्दल बोलत होतो. मीठ किती खावे, गोळी कधी घ्यावी, चालायला कधी जावे हे सांगून झाले. आज औषधाच्या दुकानात न मिळणाऱ्या एका गोष्टीबद्दल लिहिणार आहे. विषय वाचून काहींना हसू येईल. खेळातल्या आगगाडीच्या शेजारी ठेवायची छोटी स्टेशने, सिग्नल केबिन, मालधक्के, पाण्याच्या टाक्या अशा इमारतींचे सुटे भाग संचाच्या स्वरूपात मिळतात. ते आणून स्वतःच्या हाताने जोडायचे, रंगवायचे, असा हा छंद आहे. मी स्वतः गेली बारा-तेरा वर्षे तो करतो आणि काही पेशंटनाही सुचवतो. तो का सुचवतो, आणि त्यात घरच्या मंडळींचे काम काय, हे आज सांगायचे आहे.

हा प्रकार काय आहे?

आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. दगड-माती रचायची, वर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि मावळे मांडायचे. त्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कुणाची तक्रार नसते. छोट्या रेल्वेच्या छंदात मात्र सगळा खेळ प्रमाणाचा आहे. सर्वात जास्त चालणारे प्रमाण ‘एच-ओ’ म्हणून ओळखले जाते. त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान केलेली असते. पावणेसहा फूट उंचीचा माणूस इथे दोन सेंटिमीटरचा होतो. आपल्याकडचा जुन्या धाटणीचा, २१ मीटरहून थोडा लांब रेल्वेचा डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. जागा कमी असेल तर ‘एन’ हे १:१६० चे प्रमाण घेतात. त्यात माणूस जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. त्याच हिशेबाने स्टेशनची खिडकी, जिना, कौले, प्लॅटफॉर्मवरचा बाक हे सारे यावे लागते.

या छंदाचे माहेर युरोप आणि अमेरिका. जर्मनीतील गोपिंगेन गावची मेर्कलिन कंपनी १८५९ साली सुरू झाली, ती बाहुलीच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी करण्यासाठी. पुढे १८९१ साली तिने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवरची आगगाडी मांडली. म्हणजे एकदा घेतलेल्या गाडीला पुढल्या वर्षी आणखी रूळ, आणखी डबे जोडता येऊ लागले. आपल्याकडच्या जुन्या पिढीला ठाऊक असलेला मेकॅनो ज्यांनी १९०१ मध्ये पेटंट केला, त्या इंग्लंडच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या नावाच्या गाड्याही पुढे प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेत वॉल्थर्स ही कंपनी १९३२ सालची. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात फॅलर बंधूंनी आपला कारखाना काढला आणि छोट्या इमारतींचे त्यांचे संच जगभर गेले. जर्मनीतच हॅम्बुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेले ‘मिनिआतुर वुंडरलांड’ हे छोट्या रेल्वेचे प्रचंड प्रदर्शन पाहायला देशोदेशींची माणसे जातात.

एवढ्या लांब जायला नको. पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावर जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. बी. एस. जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या या छंदातून ते उभे राहिले आणि १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथली रचना याच १:८७ प्रमाणाची आहे. नातवंडांना घेऊन पुण्याला जाणार असाल तर जरूर पाहा. नातवंडे गाड्या पाहतील, तुम्ही इमारतींकडे पाहा.

दवाखान्यात येणारी तक्रार

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या दवाखान्यात साठीच्या आसपासची काही माणसे एक विशिष्ट तक्रार घेऊन येतात. बहुतेक नुकती निवृत्त झालेली असतात. कुणी शिक्षक, कुणी तलाठी, कुणी एस.टी.त किंवा रेल्वेत. “डॉक्टर, बीपी बघा जरा.” बीपी ठीक असते. “मग साखर बघा.” साखर गेल्या आठवड्यातच पाहिलेली असते. “झोप नीट लागत नाही, पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही.” थोडे बोलू दिले की खरी गोष्ट बाहेर येते. एकजण स्वच्छच म्हणाले, “डॉक्टर, सकाळ जाते हो. दुपार जात नाही.”

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. अशा तक्रारीला ‘रिकामपण’ म्हणून वाऱ्यावर सोडायचे नसते. थायरॉइड, रक्तातील लोह, साखर, हृदय हे आधी तपासावे लागते. सतत दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, भूक-झोप उडाली असेल किंवा ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा येत असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत आणि ते डॉक्टरांकडूनच घ्यायचे असतात. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तिथे छंदाचा सल्ला देऊन भागत नाही.

पण सगळे तपासून झाल्यावरही अनेकांच्या बाबतीत एवढेच उरते की चाळीस वर्षे ज्या हातांना काम होते, त्या हातांना आता काम नाही. घरात त्यांना मान आहे, जेवण वेळेवर आहे, टीव्ही आहे, मोबाइल आहे. मात्र उद्या सकाळी त्यांच्यावाचून अडेल असे काहीही नाही. ही गोष्ट माणसाला आतून पोखरते, असे माझे इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरचे मत आहे.

अर्धवट राहिलेले काम

इमारतीचा संच इथे उपयोगी पडतो, कारण तो एका बैठकीत पुरा होत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले शे-दीडशे भाग असतात. ते पिरगाळून तोडायचे नसतात, छोट्या कटरने अलगद कापायचे. कडेला राहिलेला काटा बारीक कानशीने किंवा काचपेपरने घासायचा. चिकटवण्याआधी दोन भिंती नुसत्या जुळवून पाहायच्या, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का ते बघायचे. काच बसवण्याआधी खिडकीची चौकट रंगवायची. रंग वाळेपर्यंत थांबायचे. आज भिंती उभ्या राहिल्या तर छप्पर उद्या. म्हणजे रात्री झोपताना माणसाच्या मनात दुसऱ्या दिवशीचे एक काम शिल्लक असते. टीव्हीवरची मालिकाही उद्यावर टाकते, पण तिथे उद्या दुसरेच कोणी काहीतरी करणार असते. इथे आपल्याला करायचे असते.

दुसरे असे की इथे चूक स्वस्त असते. भिंत वाकडी चिकटली तर फार तर एक भिंत वाया गेली. आयुष्यभर हिशेबातली एक चूक म्हणजे मेमो, अशा धाकात नोकरी केलेल्या माणसाला हे सुख फार मोठे वाटते. तिसरे, हाताला डिंक लागलेला असताना तंबाखूची पुडी सोडता येत नाही! हा फायदा कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही, पण माझ्या दोन पेशंटनी तो मला हसत सांगितला.

एका टेबलाची गोष्ट

आमच्या भागातील एक गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. पत्नी वारलेली, मुलगा-सून-नातवंडे असे चांगले घर. आठवड्यातून तीनदा बीपी मोजायला यायचे. परगावी असलेल्या पुतण्याने त्यांना जर्मन बनावटीचा एक स्टेशनचा संच आणून दिला. उतरत्या छपराचे, लाकडी सज्जाचे, बर्फाळ मुलखातले ते स्टेशन. काका कामाला लागले. महिना-दीड महिना दवाखान्यात दिसलेच नाहीत. मी चौकशी केली तर म्हणाले, “छपरावर आहे सध्या.”

नंतर ते पुन्हा येऊ लागले. बीपी बघा, साखर बघा. स्टेशनचे काय झाले विचारले तर गप्प. दोन-तीन भेटींनंतर कळले. घरी पाहुणे यायचे होते म्हणून जेवणाचे टेबल रिकामे केले गेले. सगळे सामान एका पिशवीत भरून माळ्यावर गेले. चिमण्या, दाराच्या मुठी, जिन्याचा कठडा असे बारीक भाग त्या आवराआवरीत हरवले. “एवढ्यासाठी काय बोलायचं, डॉक्टर? पोरखेळच तो,” असे ते म्हणाले. सून वाईट नव्हती. ती सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा घड्याळाच्या काट्यावर पाळते. त्या टेबलावर काय चालले होते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

मी मुलाला आणि सुनेला बोलावून घेतले. त्यांना औषध लिहून देण्याऐवजी एक जागा मागितली. दोन बाय तीन फुटांची, कुणी आवरायची नाही अशी. घर लहान होते. मुलाने प्लायवूडची फळी कापून आणली, तिला कडेने पट्टी मारली, म्हणजे काही घरंगळणार नाही. काम संपले की फळी तशीच्या तशी पलंगाखाली सरकते. हरवलेल्या चिमण्या काकांनी खडूच्या केल्या. पुढे त्यांनी त्या जर्मन स्टेशनवरची पाटी काढून टाकली आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत, ज्या छोट्या स्टेशनवर त्यांची नोकरी सुरू झाली त्याचे नाव लिहिले. त्यांची साखर आहे तिथेच आहे आणि गोळ्याही तेवढ्याच आहेत. बीपी मोजायला आता ते महिन्यातून एकदा येतात.

म्हणून आजच्या लेखात माझे खरे मागणे घरच्या मंडळींकडे आहे. आपण म्हाताऱ्या माणसांसाठी हजारो रुपयांची टॉनिके आणतो. मात्र पसारा म्हणून त्यांची एक फळी आपल्याला खपत नाही. ज्या कामाला घरात जागा नाही, ते काम करणाऱ्यालाही हळूहळू आपण अडगळ आहोत असे वाटू लागते. ‘या वयात हे काय पोरांसारखं’ हे वाक्य गमतीनेही बोलू नका. भिडस्त माणूस तेवढ्यावर हात आखडतो.

आणि हे फक्त पुरुषांसाठी नाही. घरातली बाई निवृत्त होतच नाही, त्यामुळे तिची दुपार जात नाही असे आपण धरूनच चालत नाही. तिला तासभर मोकळा मिळाला तर तिचे हात यात अधिक सफाईने चालतील. ज्या हातांनी वर्षानुवर्षे भरतकाम केले, ठिपक्यांची रांगोळी काढली, त्यांना दोन मिलिमीटरची खिडकी जड नाही. तिची फळीही पलंगाखाली मावते.

डॉक्टरला याचा काय उपयोग?

बारीक काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातले काही बदल लवकर लक्षात येतात. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसते, ते चष्म्याने भागते. पण नवा चष्मा असूनही दिव्याभोवती वलये दिसू लागली, रंग फिके वाटू लागले, तर मोतीबिंदू तपासून घ्यावा. चिमटा धरल्यावर बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, असे असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. काम करताना हात थरथरणे आणि हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी दिसली, शिवाय हालचाल मंदावली, अक्षर बारीक होत गेले, तर पार्किन्सनचा विचार करावा लागतो. गेल्या वर्षी सहज जमणारा क्रम यंदा सूचनापत्र समोर असूनही लागत नसेल, तर घरच्यांनी ते ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देऊ नये. निदान टेबलावर होत नाही, दवाखान्यातच होते. पण दवाखान्यात यायचे कधी, हे टेबल सांगू शकते.

अवास्तव अपेक्षा नको

हा छंद केला म्हणजे विसराळूपणाचा आजार होणार नाही, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. छंद जोपासणाऱ्यांमध्ये असे आजार कमी दिसतात, असे काही पाहण्या सांगतात. पण आजाराची चाहूल लागल्यामुळेही माणूस छंद सोडून देत असेल, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे सोपे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली या आजाराचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत बैठे जीवन आहे, एकटेपणा आहे, ऐकू न येणे आहे आणि उपचार न केलेला दृष्टिदोषही आहे. तेव्हा चालणे पहिले, टेबल नंतर. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाका. आणि काम एकट्याने केले तरी दाखवायला कुणाला तरी बोलवा. शेजारच्या मुलाला छपराची कौले मोजायला बसवा.

एवढी काळजी घ्या

प्लॅस्टिक चिकटवणारा डिंक उग्र वासाचा आणि ज्वालाग्राही असतो. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवासमोरच्या समईजवळ बसू नका. डोके जड झाले तर उठून बाहेर जा. झटकन चिकटणाऱ्या डिंकाने बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. तो डोळ्यात गेला तर जोर लावून पापण्या उघडू नका. कोमट पाण्याने धुऊन थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

पाते नेहमी धारदार वापरा. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि तेच घसरते. कापताना स्टीलची पट्टी धरा, बोट पात्याच्या वाटेत नको. जखम झाल्यास धुऊन घ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी कधी झाले ते डॉक्टरांना सांगा. मधुमेह्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, पडलेले पाते टोचले तरी कळत नाही. त्यांनी चप्पल घालूनच बसावे आणि रात्री पाय पाहावेत. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी कापण्याचे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. घासताना तोंडाला मास्क लावा. उजेड डाव्या बाजूने येऊ द्या, डावखुऱ्यांनी उजव्या बाजूने. घरात रांगते मूल असेल तर प्रत्येक भाग झाकणाच्या डब्यात ठेवा. दाराची मूठ मुलाच्या घशात जायला क्षण पुरतो.

सुरुवात कशी करावी?

परदेशी संचांच्या किमती ऐकून मागे सरू नका. इंग्लंडात आजही छापील पुठ्ठ्याचे संच आवडीने जोडले जातात. पुठ्ठा आपल्याकडेही आहे. लग्नपत्रिकांचे जाड कागद, आइस्क्रीमच्या काड्या, अगरबत्तीच्या काड्या आणि पांढरा डिंक एवढ्यावर पहिली इमारत होते. नवशिक्यांनी १:१०० चे प्रमाण घ्यावे. खरा एक मीटर म्हणजे टेबलावर एक सेंटिमीटर, हिशेब तोंडी होतो. पुढेमागे गाडी घ्यायची असेल तर १:८७ धरा. सुरुवातीला चार भिंती आणि एक छप्पर असलेले काहीतरी निवडा. गेटमनची खोली किंवा गावातली एकखोली शाळा चालेल. आणि साठीची वाट पाहू नका. पंचेचाळिशीत हात बसला की पुढे तो साथ देतो.

या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा की तुम्हाला हाताने काय करायला आवडायचे. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर दोन बाय तीनची एक फळी कापून ठेवा.

पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल.